मोनालिसा उतरवायला लावू नका, चुना कालवा

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तासगाव भागातल्या एका हायस्कूलवर तुम्ही नव्याने रुजू झालात. आठवीच्या इतिहासात युरोपातलं प्रबोधन येतंच, तर सहावी ते आठवीच्या चित्रकलेच्या तासाला त्या काळातले मोठे चित्रकारही घ्या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, प्रत्येक इयत्तेला आठ तास, आणि प्रोजेक्टर वीज असेल तेव्हाच. तुम्ही लिओनार्दोवरचा माहितीपट दाखवलात, चरित्र लिहून दिलंत, मोनालिसा उतरवायला लावलीत. वह्या भरल्या, पण कुणाचीच मोनालिसा जमेना, वर्ग एकमेकांच्या वह्या बघून हसत सुटला आणि विषय तिथेच आटोपला. आता तुम्ही विचारताय की किती चित्रकार घेऊ, कुठल्या क्रमाने घेऊ आणि मुलांना गोडी कशी लावू.

क्रम आणि संख्या हा भाग सोपा आहे, तो सांगतोच. खरी गोची दुसरीकडे आहे. लिओनार्दोची मोनालिसा आणि लास्ट सपर (येशूचं शेवटचं भोजन), मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा ही त्या लोकांची उत्तरं आहेत. आपण मुलांपुढे थेट उत्तर ठेवतो, आणि त्यांना पडलेला प्रश्न काय होता हे सांगायचं राहून जातं. सपाट भिंतीवर खोली कशी दाखवायची, चुना ओला आहे तोवर रंग कसा उरकायचा, कधी न पाहिलेला प्राणी कसा काढायचा, रडणारं तोंड कसं काढायचं, असे ते प्रश्न होते. सगळे हातातले, कामातले. ती अडचण आधी मुलाच्या हाताला येऊ द्या, चित्र नंतर दाखवा. माझी सगळी पद्धत एवढीच आहे, पुढचा सगळा तपशील त्याचाच.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत. चित्रकलेचा तास खरोखर तुमच्या हाती लागतो की स्नेहसंमेलनाच्या तयारीत आणि गणिताच्या जादा तासात जातो, हे मला इथून कळणार नाही. आठांपैकी पाच मिळतील असं धरूनच आखणी करा. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना वस्तुचित्राची आणि छायाभेदाची, म्हणजे उजेड-सावलीच्या छटांची, सवय असते, त्यांना बरंच लवकर उमगतं. सहावीला ते गृहीत धरता येत नाही. आणि साठांचा वर्ग म्हटल्यावर रंगकाम गटातच करावं लागणार, त्याला इलाज नाही. मी आधी सातारा जिल्ह्यात आणि मग सांगलीत मराठी माध्यमाच्या शाळांवरच शिकवलं. त्यामुळे खडू-फळा, फुटकी कौलं आणि एखादा फ्लेक्स एवढ्या भांडवलात बसेल तेवढंच सांगतो.

इयत्तेला दोन चित्रकार पुरेत, फार तर तीन. नावांची माळ ओवायला गेलात की मुलं ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि मे महिन्यात विसरतात.

काळाची जाणीव मात्र द्यायला हवी. ती सनावळीने येत नाही, ओळखीच्या खुंटीला अडकवली की येते. आपल्याकडच्या पोराला शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा हे झोपेतही आठवतं. तिथून मागे चला. मायकेलअँजेलो १५६४ मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत तालिकोटची लढाई होऊन विजयनगरचा पाडाव झाला. लिओनार्दो १५१९ मध्ये गेला तेव्हा विजयनगरच्या गादीवर कृष्णदेवराय होता, आणि आपल्या भागावर विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. फळ्यावर एक आडवी रेघ, वर युरोप, खाली आपण. पाच मिनिटांचं काम आहे.

सहावीला मी लिओनार्दोपासून सुरुवात करत नाही, गेंड्यापासून करतो. गोष्टच तशी आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने पोर्तुगिजांचा गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट पाठवला. त्याने तो गोव्याहून जहाजात घालून आपल्या राजाकडे रवाना केला, आणि मे १५१५ मध्ये गेंडा लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. पुढे राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि गेंडाही गेला. तिकडे जर्मनीत न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्त ड्युरर नावाचा चित्रकार होता. त्याच्या हाती पडलं ते कुणीतरी केलेलं एक रेखाटन आणि वर्णनाचं पत्र. गेंडा त्याने कधीच पाहिला नाही. तरी त्यावरून त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं, आणि पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हटला की हाच छापला जात होता.

पण ही गोष्ट आधी सांगायची नाही. आधी मुलांना कोरा कागद द्या आणि खवले मांजराचं वर्णन वाचून दाखवा, नाव न सांगता. निमुळतं तोंड, दात नाहीत, लांब जीभ, मोठी नखं, अंगभर एकावर एक चढलेले टणक खवले, भ्याल्यावर अंगाचं मुटकुळं करतो. सह्याद्रीत हा प्राणी आहे, पण वर्गातल्या बहुतेकांनी पाहिलेला नसतो. मुलं काय काढतात ते बघण्यासारखं असतं. वाई भागातल्या शाळेत एका मुलीने खवले काढताना घराचं छपर आठवून कौलं रचावीत तसे खालून वर रचत नेले, प्रत्येक खवल्याचं टोक खालच्याच्या सांध्यावर. शेजारच्या मुलाने सुसरीच्या अंगाला डुकराचं तोंड लावलं होतं. मग खऱ्या प्राण्याचा फोटो दाखवायचा, हशा पिकू द्यायचा, आणि त्यानंतर ड्युररचा गेंडा. पाठीवर खांद्याजवळ एक जादाचं छोटं शिंग आहे, अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखी कातडी आहे, पायांवर खवले आहेत. चुका मुलंच शोधतात, सांगाव्या लागत नाहीत. आणि इतक्या चुका असून हा प्राणी इतका खरा का वाटतो, हेही त्यांनाच विचारा. रेषेच्या जोरावर बोलायला सहावीतली मुलं इथे पहिल्यांदा तयार होतात.

सहावीलाच आकारमानाचा एक तास घ्या. पुस्तकात आणि मोबाइलवर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात. मोनालिसा मुलांना भिंतभर वाटत असते. ती साधारण ७७ बाय ५३ सेंटीमीटर आहे, तेवढा वर्तमानपत्राचा तुकडा कापून भिंतीवर लावा. मग वर्ग मैदानावर न्या आणि लास्ट सपर फक्कीने आखा: रुंदी ८.८ मीटर, उंची ४.६ मीटर. पुरुष गटाच्या कबड्डी मैदानाच्या अर्ध्या भागात ते बसतं. डेव्हिडचा पुतळा ५.१७ मीटर, म्हणजे सतरा फूट. तेवढी दोरी दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडा. यासाठी क्रीडाशिक्षकांची फक्की आणि परवानगी दोन्ही लागते, हे आधीच बोलून ठेवा.

सातवीला पर्स्पेक्टिव्ह, आपल्या पुस्तकी भाषेत यथार्थदर्शन. फळ्यावर क्षितिजरेषा आणि बिंदू काढून दाखवू नका, मुलं ते भूमितीसारखं पाठ करतात. तुमच्याकडे तर द्राक्षबागा आहेत. बागेच्या दोन ओळींच्या मधोमध उभं राहिलं की मांडवाच्या तारा आणि खांब लांबवर एका ठिकाणी जुळताना दिसतात. उसाच्या सऱ्यांचंही तेच. बागेपर्यंत जाता येत नसेल तर शाळेचा व्हरांडा घ्या. खिडकीची काच, नाहीतर जाड पारदर्शक प्लास्टिकचा कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून मुलापुढे उभा धरा. हनुवटी एका जागी टेकवा, एक डोळा मिटा, आणि समोरचा व्हरांडा मार्करने काचेवर गिरवा. डोकं हललं की सगळं बिघडतं, हे मुलांना दोन मिनिटांत कळतं. गिरवून झाल्यावर पट्टी लावून रेषा पुढे वाढवायला सांगा. त्या एका बिंदूत मिळतात तेव्हा वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या. शेजारच्या वर्गाची तक्रार येईल, येऊ द्या.

आता इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराचं नाव घ्या. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट १४२० ते १४३६ या काळात उभा करणाऱ्या ब्रुनेलेस्कीने हे कोडं चित्र, आरसा आणि एक भोक एवढ्यावर लोकांना करून दाखवलं होतं. चित्राच्या पाठीमागून भोकातून बघायचं, समोर आरसा धरायचा, आणि आरशातलं चित्र आरशापलीकडच्या खऱ्या इमारतीशी ताडून बघायचं. १४३५ मध्ये आल्बेर्ती नावाच्या विद्वानाने त्याचे नियम लिहून काढले.

यानंतर लास्ट सपर. लिओनार्दोच्या या चित्रात येशूच्या कानशिलाजवळ खिळ्याचं भोक सापडलेलं आहे. तिथे खिळा मारून दोऱ्या ताणून त्याने छताच्या आणि भिंतींच्या रेषा आखल्या. हे करून बघायला सोपं आहे: जुन्या ड्रॉइंग बोर्डावर एक खिळा, खडूच्या भुकटीत घोळवलेली दोरी, ताणायची आणि टिचकी मारायची. गावातले सुतार हेच करतात, त्यामुळे एखादा पोरगा लगेच पुढे येऊन "सर, आमचे बाबा असंच सूत मारतात" म्हणतो, आणि त्या दिवशी तोच शिक्षक. परीक्षा म्हणून शेवटी राफाएलचं स्कूल ऑफ अथेन्स द्या. १५०९ ते १५११ मधलं काम, सुरू केलं तेव्हा राफाएल पंचवीस-सव्वीस वर्षांचा. पट्टी लावून रेषा कुठे मिळतात ते शोधायला सांगा. मधोमध चालत येणाऱ्या दोघांच्या मध्ये मिळतात. ते दोघे प्लेटो आणि ॲरिस्टॉटल, एकाचं बोट आकाशाकडे, दुसऱ्याचा तळहात जमिनीकडे. पायऱ्यांपाशी हनुवटीला हात लावून बसलेला जो उदास माणूस आहे, तो मायकेलअँजेलोवरून घेतला असं अभ्यासक मानतात. राफाएलच्या कच्च्या आराखड्यात तो नव्हताच, नंतर घातलाय. मुलांना हा किस्सा भयंकर आवडतो.

आठवीला चुना कालवा. माझ्या लेखी या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेल्या रंगाने केलेलं काम. डिंक नाही, तेल नाही, मग रंग टिकतो कसा? चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे दगडच बनतो. रंगाचे कण त्या थरात अडकून बसतात. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधी होते, हा प्रयोग मुलांनी विज्ञानात केलेला असतो. त्याची आठवण करून द्या, विज्ञानाच्या सरांनाही बोलवा. पण गिलावा ओला असेपर्यंतच काम करता येतं. म्हणून चित्रकार सकाळी त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपून घेत. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपल या पोपच्या प्रार्थनागृहाच्या छतावरही मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं तुकड्या-तुकड्यानेच काम केलं.

साहित्य: फुटक्या मंगलोरी कौलांचे तुकडे, आधीच विरवलेला चुना, दुप्पट बारीक चाळलेली वाळू. कळीचा चुना मुलांसमोर कधीही विरवू नका. तो उकळतो, उडतो, डोळे जाऊ शकतात. विरलेला चुनाही हाताला लागतो, म्हणून लिंपायचं काम हातमोजे घालून तुम्ही करा. मुलांच्या हातात फक्त कुंचला द्या, आणि स्वच्छ पाण्याची बादली शेजारी ठेवा. कौल भिजवून घ्या, नाहीतर ते गिलाव्यातलं पाणी ओढून घेतं. रंग म्हणून गेरू, पिवळी माती, कोळशाची पूड.

आणि एका वाटीत हळद ठेवाच. कुणीतरी सूर्य काढायला हळद घेतोच, आणि ओल्या चुन्यावर टेकताक्षणी ती लाल होते. कुंकू असंच होतं हे घरात कुणीतरी सांगितलेलं असतं, पण डोळ्यांसमोर झालेलं बघितल्यावर वर्ग कौलाभोवती गोळा होतो. इथे एकच मुद्दा ठसवायचा: चुना प्रत्येक रंगाला सामावून घेत नाही, म्हणून फ्रेस्को करणाऱ्यांचा भर मातीच्या आणि खनिज रंगांवर असे.

प्रत्येक गटाला दोन कौलं द्या. एक ओलं असताना रंगवायचं, दुसऱ्यावर गिलावा वाळू द्यायचा आणि पुढच्या तासाला त्यावर तेच रंग पाण्यातून लावायचे. आठवडाभराने दोन्ही ओल्या फडक्याने हलकेच पुसायची. ओल्यावरचा गेरू जागचा हलत नाही. वाळल्यावर लावलेला फडक्याला येतो. आता मुलांना लिओनार्दोची अडचण सांगा. त्याला घाई जमत नसे. कधी चित्रापुढे नुसता बघत उभा राही, कधी दोनच फटकारे मारून निघून जाई. ओला चुना असा थांबत नाही. म्हणून मिलानच्या मठातल्या जेवणघराच्या भिंतीवर त्याने लास्ट सपर वाळलेल्या गिलाव्यावर काढलं, साधारण १४९५ ते १४९८ मध्ये. त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागले. ते फडकं हातात असताना ही गोष्ट ऐकलेल्या मुलाला लिओनार्दोबद्दल पुढे काही पाठ करावं लागत नाही.

सिस्टिनबद्दल एक सूचना. बेंचखाली कागद चिकटवून मुलांना उताणं झोपवून चित्र काढायला लावा, असा उपक्रम इंटरनेटवर जागोजागी सापडतो. मजा येते, पण माहिती चुकीची आहे. मायकेलअँजेलोने परांचीवर उभं राहून, मान मागे टाकून काम केलं, आणि त्या हालअपेष्टांवर कविता लिहून शेजारी स्वतःचं रेखाटनही केलं. त्यापेक्षा दोघांनी पुठ्ठा डोक्यावर आडवा धरायचा आणि तिसऱ्याने उभ्याने कोळशाने त्यावर वरच्या बाजूला हात करून काढायचं. तीन मिनिटांत खांदा भरून येतो आणि कोळसा डोळ्यांत पडतो, तेव्हा चष्मा किंवा गॉगल घालू द्या.

मुलींकडून प्रश्न येतोच: सगळे पुरुषच कसे? सोफोनिस्बा आंगुइस्सोला घ्या, इटलीतल्या क्रेमोनाची. तिने काढलेली हसणारी मुलगी बघून मायकेलअँजेलो म्हणाला की रडणारा मुलगा काढणं यापेक्षा अवघड. मग तिने आपल्या धाकट्या भावाला नदीतला खेकड्यासारखा नांगीवाला झिंगा चावलाय आणि तो कळवळतोय असं चित्र काढून पाठवलं. ओढ्यात हात घालणाऱ्या आपल्या पोरांना ही कळ सांगावी लागत नाही. आरसे आणायला सांगून आधी हसरा, मग रडका चेहरा काढून घ्या. रडका हमखास हसराच होतो. तिचंच १५५५ चं बहिणी बुद्धिबळ खेळतानाचं चित्रही आहे. सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं असल्याने इथल्या वर्गात त्या पटावर जास्त चर्चा होते, चित्रावर कमी. चालायचंच.

आता नग्न आकृत्या. हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण डेव्हिड दाखवायला गेलात की येणारच. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात आणि आपल्याकडच्या पालकांसमोर हे कसं घ्यायचं, ते शाळेवर आणि मुख्याध्यापकांवर ठरतं. त्यांना आधी दाखवून ठेवा, नंतर सारवासारव करण्याची वेळ येत नाही. मी डेव्हिडचं डोकं आणि उजवा हात एवढेच मोठे फोटो लावतो. शिरा, नखं, अंगाच्या मानाने थोराड पंजा, पाहण्यासारखं सगळं तिथे आहे. पूर्ण पुतळा दाखवून मधे काळी पट्टी चिकटवू नका, अख्खा तास पट्टीवरच जातो. आठवीला हवं तर सांगा की मायकेलअँजेलोच्याच लास्ट जजमेंट या भित्तिचित्रातल्या उघड्या आकृत्यांवरून तिकडेही वाद झाला आणि दुसऱ्या चित्रकाराकडून त्यांच्यावर कापडं रंगवून घेतली गेली.

बायबलमधल्या गोष्टींबद्दलही कुणी कुरकुर करेल. चित्र समजण्यापुरती गोष्ट सांगायची, रामायणातला प्रसंग सांगतो तशीच. मिरज-सांगली भागात ख्रिस्ती कुटुंबं जुनी आहेत. वर्गात असं एखादं मूल असेल आणि त्याला आवडत असेल, तर गोष्ट त्यालाच सांगू द्या, बळेच उभं करू नका.

चित्रं दाखवायची कशी? प्रोजेक्टरवर विसंबू नका. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून मोठ्या मापाची चित्रं उतरवून दोन-तीन फ्लेक्स काढून घ्या, वर्षानुवर्षं पुरतात. फ्लेक्सवाल्याला "रंग भडक करू नको, चेहरे गोरे करू नको" असं बजावून सांगा. वाढदिवसाच्या बॅनरची सवय असते, त्याच्या हातून मोनालिसाही उजळून निघते.

आणि ती मोनालिसा घ्यायचीच असेल तर पूर्ण उतरवायला लावू नका. ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे तेवढे मोठे करून दाखवा, तिथे रेघच नाही. मग कोळसा आणि बोट वापरून रेघ न मारता एक अंडं काढायला सांगा, नुसत्या छायाभेदावर. एका तासाचं काम आहे आणि एलिमेंटरीलाही उपयोगी पडतं.

थोडक्यात, सहावीला ड्युररचा गेंडा आणि मापं, सातवीला काच, दोरी आणि राफाएल, आठवीला चुना, लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो. सोफोनिस्बा कुठेही बसते. तास कमी पडले तर मापं गाळा, चुना गाळू नका.

आकारिक मूल्यमापनासाठी जन्म-मृत्यूची सनं विचारू नका. दोन कौलं समोर ठेवून "कुठलं ओल्यावर रंगवलं, कशावरून?" हे तोंडी विचारा. वर्णनात्मक नोंदीला तेवढ्यात भरपूर मजकूर मिळतो.

सहलीचं विचारलंत, तर औंधला न्या. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं आहे. तिथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं छोटं शिल्पही आहे. तासगावहून एका दिवसात जाऊन येता येतं. फक्त कोळशाचा तास झाल्यावरच न्या, कारण साडीच्या चुणीतला छायाभेद बघायची नजर तोवर तयार झालेली असते. संग्रहालय उघडं आहे ना, आणि साठ मुलं एकदम आत सोडतात का, हे आधी फोन करून विचारून घ्या. जमलं तर दोन गट करा, एक देवळात, एक आत.